स्लॅब भरण्याआधी

वाकड, पुणे
मे अखेर

चि. सोनूस,


मुख्य ऑफिसातली प्लॅनिंग इंजिनिअरची जागा घेऊ की वाघोलीच्या साईटवर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून जाऊ, असं तू विचारलं आहेस. ताईचं मत मला ठाऊक आहे. पोरीनं उन्हातान्हात कशाला उभं राहायचं, असं तिनं फोनवर सांगितलंच. तिची काळजी खरी आहे. तरी मी साईटच घे म्हणेन, आणि का ते घाईत बोलून नीट उमजायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

क्यूब टेस्ट तू कॉलेजात केली असशील. 150 मिलिमीटरचा ठोकळा, 7 दिवसांनी एक निकाल आणि 28 दिवसांनी दुसरा. आता साईटवरचा हिशेब बघ. अ‍ॅल्युमिनियमचं शटरिंग, ज्याला सगळे मायवान म्हणतात, ते वापरलं तर आठ-दहा दिवसांत एक मजला चढतो. म्हणजे 28 दिवसांचा निकाल हातात पडतो तेव्हा त्या स्लॅबवर आणखी दोन-तीन मजले उभे असतात. निकाल कमी आला तर कोअर काढा, स्ट्रक्चरल कन्सल्टंटला बोलवा, प्रसंगी तोडा. चाचणी महत्त्वाची आहेच, पण ती बोलते उशिरा. म्हणून खरी तपासणी काँक्रीट पडण्याआधी करायची असते, सळयांवरून चालत, वाकून बघत. ती नजर साईटवरच येते.

बाल्कनीचं उदाहरण देतो. पुढे आलेल्या बाल्कनीत मुख्य लोखंड वरच्या बाजूला असतं, हे तुला पुस्तकातून माहीत आहे. फिटर ते बरोबर बांधतोही. मग त्यावरून इलेक्ट्रिशियन पाइप टाकायला जातो, बिगारी कचरा काढायला जातात, पंपाचा पाइप ओढला जातो, आणि पायांखाली ती जाळी हळूहळू खाली बसते. खालच्या चेअर कमी असतील किंवा कलंडल्या असतील तर वरचं लोखंड स्लॅबच्या मध्यावर येऊन थांबतं. काँक्रीट पडल्यावर वरून काहीच दिसत नाही. दिसतं ते टेकू काढल्यावर, आणि तेव्हा खाली माणूस असतो. माझे पहिले साहेब बाल्कनीजवळ आले की जाळीवर स्वतः उभे राहून पाहायचे, ती दबते का. मीही अजून तेच करतो.

हे सगळं बघून पोअर कार्डावर सही करायची असते. कव्हर ब्लॉक, सळयांचे जोड, प्लंबरचे स्लीव्ह, टेकूंखालच्या पाचरी, सगळं. पण सही मागितली जाते ती नेमकी अडचणीच्या वेळी. गर्दीच्या वेळेत शहरात अवजड गाड्या चालत नाहीत, म्हणून स्लॅब बहुतेकदा रात्री भरतात. मिक्सर प्लांटवरून निघालेला असतो, पंप लागलेला असतो, मुकादमाची गँग जेवून तयार असते आणि वरिष्ठांचा फोन वाजत असतो. तयार काँक्रीट मिक्सरमध्ये भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतायला हवं, हे ठेकेदारही तुला ऐकवणार. उशीर झाला की कुणीतरी ड्रममध्ये पाणी मारायला सांगणार, कारण घट्ट माल ओढायला जड जातो. तिथं उभं राहून ‘पाणी नाही, गाडी परत पाठवा’ म्हणावं लागतं. आवाज न चढवता, कारण देऊन, आणि मग फोन घेऊन वरिष्ठांनाही तेच सांगावं लागतं. बांधकाम व्यवस्थापकाच्या कामात मला याहून मोठं काही वाटत नाही. बाकीचं शिकता येतं.

बाकीचं पुष्कळ आहे, ते थोडक्यात सांगतो. साईट इंजिनिअरची सीनियर होशील, मग एका इमारतीची जबाबदारी, मग साईट इन-चार्ज, मग प्रोजेक्ट मॅनेजर. वर जाशील तसतसं काँक्रीट कमी आणि कागद जास्त. रोजचा रिपोर्ट, आरए बिलं, लोखंडाचा ताळेबंद, एक्स्ट्रा आयटमवरून ठेकेदाराशी ओढाताण, महारेराकडे नोंदवलेली ताबा देण्याची तारीख. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलतं, आणि घरच्यांनी तुझ्यासोबत यायचं की नाही हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्यानं पडतो. पगार बरा होतो, पण रविवार आपला नसतो. हे तुला आत्ताच माहीत असावं.

प्लॅनिंगला मी कमी लेखत नाही. पण प्रायमाव्हेरा सॉफ्टवेअरात दोन कामांतलं अंतर कमी केलं की शेवटची तारीख अलीकडे येते. टेकू मात्र ठरलेले दिवस ठेवावेच लागतात. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखाली 14 दिवस, असं आयएस 456 सांगतं. मृगाच्या आत पाया जमिनीच्या वर आला नाही तर खड्ड्यात तळं होतं आणि आठवडे पंपिंगमध्ये जातात. छटपूजेला गेलेली बिहारची गँग किती दिवसांनी, किती जणांनिशी परतेल याचा अंदाज मुकादमाशी बोलूनच येतो. हे अंगात मुरल्यावर प्लॅनिंगला जा, तुझ्या तारखांवर लोक विश्वास ठेवतील.

आणि माणसं. आठवड्याची खर्ची वेळेवर मिळाली का, हे तू विचारत जा; तुझं काम नसलं तरी विचार. खर्ची अडली की आधी किराणा तुटतो, मग माणूस निघून जातो. कामगारांच्या झोपड्या कुठे बांधल्या आहेत तेही स्वतः जाऊन बघ. 29 जून 2019 ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात पावसात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. 15 जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. तेव्हापासून पावसाळ्याआधी मी पहिली फेरी कॅम्पाभोवती मारतो: भिंतीलगत कुणी राहतं का, पलीकडे खोदकाम चालू आहे का, पाणी कुठे साचतं. कामाच्या वेळापत्रकात याला ओळ नसते, म्हणून ते कुणाचंच राहत नाही.

बायकांचं तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. साईटवर बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण घमेलं उचलण्यापुरत्या. हातात करणी किंवा ओळंबा घेतलेली बाई क्वचितच दिसते, याचं मला वाईट वाटतं. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं 50 पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथं पाळणाघर बंधनकारक केलं, पण ते शोधावं लागतं. तू इंजिनिअर म्हणून तिथं उभी राहिलीस तर स्वच्छतागृहाचा प्रश्न तुझ्यापुरता राहणार नाही. तो त्यांच्यासाठीही मांड. पहिले काही महिने फिटर तुझ्याऐवजी तुझ्या शेजारच्या मुलाकडे बघून उत्तर देतील. ड्रॉइंग हातात ठेव आणि पुढचा प्रश्नही तूच विचार. कुठल्या सळईचा आकडा चुकलाय हे तू दोनदा बरोबर दाखवलंस की ते तुझ्याकडे बघू लागतील.

वाघोलीला होकार कळवण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारून घे: साईटवर स्त्रियांसाठी वेगळं, पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, रात्रीच्या स्लॅबनंतर घरी सोडायला गाडी आहे का, पोअर कार्डावर ज्युनिअर इंजिनिअरची सही घेतात का. तिसऱ्याला ‘नाही’ आलं तर सही करणाऱ्या सीनियरबरोबर तपासणीला जाऊ देतील का ते विचार. तेही नाही म्हणाले तर मला फोन कर, आपण दुसरी साईट बघू. ताईशी मी रविवारी बोलतो.

तुझा,
मामा