येरळेची वाळू आणि गावाचा हिस्सा

नदीच्या पात्रातून एक ब्रास वाळू उचलली की शंभर घनफूट वाळू गेली, एवढं ट्रॅक्टरवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्याबरोबर साडेपाचशे लिटरच्या आसपास पाण्याची जागाही गेली, हे मात्र लिलावाच्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. जाड वाळूच्या कणांमध्ये पोकळी भरपूर असते आणि तिच्यातलं विहिरीला मिळू शकेल असं पाणी वाळूच्या आकारमानाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं भरतं. नदी वाहिली की ही जागा भरते, काठच्या विहिरींनी उपसली की पुढच्या पाण्याला पुन्हा भरते. त्यामुळे नुकसान एकदाच झालं आणि संपलं असं होत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात ते नव्यानं होत राहतं.

माझं काम भूजलाचं. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या आसपासच्या गावांत विहिरींची पातळी मोजताना वाळूचा हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटू लागला, कारण इथली जमीन काळ्या पाषाणाची. अखंड पाषाणात पाणी जवळपास मुरतच नाही. वरचा झिजलेला, भेगाळलेला थर आणि मुरूम धरला, तरी त्यातून आकारमानाच्या एक ते तीन टक्के पाणी हाती लागलं तर पुष्कळ. वाळू त्याच्या किमान सहा-सातपट देते. शिवाय वाळूखालच्या पाण्याला ऊन लागत नाही, त्यामुळे चैत्र-वैशाखातही ते टिकून राहतं. दुष्काळी पट्ट्यातल्या नदीला याहून चांगलं धरण कुणी बांधून देऊ शकणार नाही.

येरळा ही अशी नदी. ती साताऱ्याच्या खटाव तालुक्यातून निघते, खानापूर, कडेगाव, पलूस, तासगाव या तालुक्यांच्या शिवारांतून वाहत ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. कुंडल आहे ते कृष्णा आणि येरळा यांच्या मधल्या पट्ट्यात. एका अंगाला कृष्णाकाठचा ऊस, दुसऱ्या अंगाला पावसाकडं डोळे लावून बसलेली कोरडवाहू शेती. कृष्णेला वर्षभर पाणी असतं, कारण तिच्यामागं सह्याद्री आणि कोयना आहे. येरळेचं उगमस्थानच पर्जन्यछायेत. तिनं पावसाळ्यात जे वाळूत साठवलं तेवढंच तिचं भांडवल.

पात्रातली वाळू खरवडून मुरूम किंवा पाषाण उघडा पडला की काय होतं ते काठावरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पात्राचा तळ विहिरीतल्या पाण्याच्या पातळीखाली जातो आणि विहिरीचं पाणी उलट नदीकडं झिरपू लागतं. पूर आला की अडवायला काही नसल्यामुळे तो धावत निघून जातो. काठ ढासळतात, पुलाचे पाये उघडे पडतात. कंत्राटदार तोवर पुढच्या गटावर गेलेला असतो. गावात राहतात ते खड्डे, खचलेला रस्ता, आणि दोन परस खोल खणूनही न लागणारं पाणी. वाळू विकून येणारा पैसा गावाबाहेर गेला, आणि वाळू गेल्यामुळे होणारा खर्च गावातल्या प्रत्येक विहीरवाल्याच्या माथी आला. ज्याची विहीर नाही त्या मजुराचा खर्च तर कुणी मोजतच नाही. शेजारच्या विहिरीला पाणी नसलं की त्याचा रोजगार बुडतो.

हे सारं अटळ नव्हतं, याचा पुरावा याच नदीवर उभा आहे आणि तो कुंडलपासून फार लांब नाही. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी 1980 च्या दशकात जे केलं, त्याची ओळख महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याला असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

काळ दुष्काळाचा होता. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सातारा-सांगलीकडचे कितीतरी कामगार गावी परतले. गावात काम म्हणजे रोजगार हमीचं, आणि रोजगार हमी म्हणजे बहुतेक ठिकाणी खडी फोडणं. 1972 च्या दुष्काळातही हेच झालं होतं. दुष्काळात माणसांनी खडी फोडायची, त्या खडीचे रस्ते व्हायचे, आणि पुढचा दुष्काळ त्याच रस्त्यानं परत यायचा. परतलेल्या गिरणी कामगारांना संघटनेची सवय होती. त्यांनी आणि गावातल्या शेतकरी-शेतमजुरांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकर तिचे एक प्रमुख नेते. चळवळीची मागणी साधी होती: आम्हाला खडी फोडायची नाही, दुष्काळ हटेल असं काम द्या. मग दुष्काळ का पडतो याचा अभ्यास गावकऱ्यांनीच सुरू केला. पाऊस, पिकं, जुन्या विहिरी, नदी असं एकेक तपासत गेल्यावर येरळेतल्या वाळूउपशाचा मुद्दा पुढं आला.

इथपर्यंत कुठल्याही आंदोलनाची गोष्ट अशीच असते. उपसा बंद करा म्हणून निवेदन जातं. बलवडी-तांदुळवाडीनं पुढचं पाऊल टाकलं. कंत्राटदारानं बेसुमार वाळू नेण्याऐवजी गावानंच थोडी वाळू काढून विकावी आणि त्या पैशातून नदीवर छोटं धरण बांधावं, असं त्यांनी ठरवलं. परवानगीसाठी सरकारशी दीर्घकाळ झगडावं लागलं. ज्येष्ठ अभियंते के. आर. दाते यांचं तांत्रिक मार्गदर्शन मिळालं, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांबरोबर श्रमदान केलं. धरण उभं राहिलं, आणि त्याला नाव दिलं बळीराजा स्मृती धरण.

मला यात धरणापेक्षा मोठी वाटते ती पाण्याच्या वाटणीची अट. दोन्ही गावांतल्या प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा सारखा हिस्सा, जमीन असो वा नसो. भूमिहीनालाही हक्क. नदी, तिची वाळू आणि तिचं पाणी ही साऱ्या गावाची मालमत्ता आहे, तर तिच्या विक्रीतून झालेल्या धरणावर सातबारा असलेल्यांचाच हक्क कसा, हा त्यामागचा विचार. तो निर्णय पाणी अडण्याआधी झाला. अडल्यानंतर झाला असता तर तो झालाच नसता, हे गावात राहिलेला कुणीही सांगेल.

गौण खनिज आणि पायाभूत प्रकल्प यांकडं मी याच कसोटीनं पाहतो. हिस्सा कुणाचा आणि किती, हे काम सुरू होण्याआधी ठरलं की नाही? प्रकल्प चांगला की वाईट हा वाद बऱ्याच वेळा निष्फळ ठरतो. घराला वाळू लागतेच, रस्त्याला खडी लागतेच.

कुंडलच्या मातीला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर इथं आले ते मुळात विस्थापित म्हणून; बेळगावात वस्तीविस्तारासाठी त्यांना आपली कारखान्याची जागा सोडावी लागली होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला. रेल्वे आधीच आलेली होती, म्हणून तो माळ कारखान्याला उपयोगाचा ठरला. त्या स्टेशनचं नाव आज किर्लोस्करवाडी. कारखान्याबरोबर वसाहत झाली, आसपासच्या गावांतली मुलं ओतकाम आणि यंत्रकाम शिकली. हा माल खाणीसारखा उचलून नेण्याचा धंदा नव्हता. कौशल्य गावात मुरलं. याच कारखान्यातून निघालेल्या लोखंडी नांगरांनी आणि पुढं पंपांनी महाराष्ट्राची शेती बदलली. पंपानं विहिरीही बदलल्या. मोटेनं जे पाणी महिनाभरात उपसलं जायचं, ते काही दिवसांत उपसता येऊ लागलं. उपसण्याची ताकद वाढली, पण मुरवण्याची वाढवायला त्या वेळी कुणी सांगितलं नाही.

स्वातंत्र्यलढ्यात याच कुंडलमध्ये प्रतिसरकारचं मुख्य ठाणं होतं. 7 जून 1943 ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीला रेल्वेतून जाणारा पगाराचा खजिना लुटला, त्यात जी. डी. बापू लाड आघाडीवर होते. प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले, गावाचा कारभार गावानं चालवून दाखवला. त्या लढ्यातलेच नागनाथअण्णा नायकवडी पुढं साऱ्या तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी उतरले. आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी पाणीवाटपाची मागणी त्यांनी आणि डॉ. पाटणकरांनी लावून धरली. बापूंच्या नावाचा साखर कारखाना कुंडलला आहे. स्वातंत्र्यसैनिक आणि पाणी हे नातं आपल्या भागात असं घट्ट आहे.

आज या पट्ट्याचं चित्र ज्यांनी पालटलं त्या ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजना. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून त्या ते कोरडवाहू शिवारात नेतात. मी या योजनांचा समर्थक आहे. ज्या गावांनी उन्हाळ्यात टँकर पाहिले, तिथं द्राक्षबागा आणि ऊस पाहून आनंद न होणारा माणूस मला समजत नाही. पण इथंही हिशेब आधी मांडायला हवा होता. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला, पंपाची गळती-घर्षण धरून, साधारण 0.4 युनिट वीज लागते. एकरभर उसाला वर्षाकाठी ऐंशी लाख लिटर पाणी दिलं, तर दर शंभर मीटर चढाला तीन हजारांहून अधिक युनिट झाले. योजना सुरू झाल्यावर वीजबिलाच्या थकबाकीनं पंप बंद पडण्याची वेळ वारंवार आली ती यामुळेच. अखेर 81 टक्के बिल सरकारनं आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचं असं सूत्र आलं, आणि पाणीपट्टी उसाच्या बिलातून कापली जाऊ लागली. चढावरचं पाणी इतकं महाग असताना ते पाटानं मोकळं सोडून ऊस भिजवावा की ठिबकनं जास्त क्षेत्राला द्यावं, हा निर्णय पंप बसण्याआधी व्हायला हवा होता. कृष्णाकाठानं अतिपाण्यानं हजारो एकर रानं क्षारपड झालेली पाहिली आहेत. वरच्या शिवारात तेच पुन्हा घडू देणं हा अन्याय होईल.

आणि हे पाणी येतं कुठून? बरंचसं कोयनेतून. तिथल्या गावांनी धरणासाठी घरदार सोडलं. कुणी सोलापूरकडं गेलं, कुणी ठाणे-रायगडकडं. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानं त्याच खोऱ्यातली घरं पाडली. चांदोलीच्या वारणा धरणाखाली गेलेल्या काही गावांची वस्ती आपल्याच जिल्ह्यातल्या लाभक्षेत्रात झाली. 1976 मध्ये महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, तोही लोकांनी रस्त्यावर उतरून मिळवलेला. तरीही आपल्या शेतात आलेलं पाणी कुणाचं गाव बुडवून आलं, हे लाभक्षेत्रातल्या शाळेत शिकवलं जात नाही. ते शिकवायला हवं.

आता पुन्हा खनिजाकडं. नदीची वाळू आटली, लिलावांवर निर्बंध आले, 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांखालच्या छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, तशी बांधकामं दगड भरडून केलेल्या क्रश सँडकडं वळली. नदीच्या दृष्टीनं हे चांगलं झालं. ओझं मात्र डोंगरावर सरकलं. कडेगाव-पलूसच्या डोंगरांचे माथे आणि उतार हे पाणी मुरण्याचे भाग आहेत. तिथला भेगाळलेला थर काढून खाली अखंड पाषाणापर्यंत खाण नेली, की खालच्या गावच्या झऱ्याचं पाणी तोडलं जाऊ शकतं. धूळ द्राक्षाच्या पानावर बसते, सुरुंगानं घरांना तडे जातात, ही दुखणी दिसतात तरी. तुटलेला झरा काही वर्षांनी, कारण विसरल्यावर जाणवतो. या डोंगरांचं मोल कुंडलच्या शेजारच्या सागरेश्वरनं दाखवून दिलं आहे. धों. म. मोहिते यांनी लोकांना हाताशी धरून उघड्याबोडक्या डोंगरावर जंगल उभं केलं आणि त्याचं अभयारण्य झालं.

कायद्यानं गावाच्या हातात काही साधनं दिली आहेत, ती वापरली जात नाहीत याचं मला दुःख आहे. राज्याच्या वाळू धोरणांत ग्रामसभेच्या शिफारशीची तरतूद आली. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण आणि पर्यावरणासाठी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, आणि ते आकडे मागितले तर मिळतात. खाणीतून प्रत्यक्षात किती माल गेला हे ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मोजणीनं कळतं. हे चारही कागद एका टेबलावर ठेवले, तर आपल्या शिवारातून काय गेलं आणि त्याबदल्यात काय आलं हे कुठल्याही दहावी पास मुलीला मांडता येईल.

म्हणून वाचकांना, विशेषतः दिवाळीला गावी येणाऱ्या आणि शहरात कागदांची भाषा शिकलेल्या तरुणांना, माझी विनंती आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला या. तुमच्या शिवारातल्या प्रत्येक खाणपट्ट्याची आणि वाळूगटाची मंजूर ब्रास, मोजलेली ब्रास, गावाला मिळालेली रक्कम आणि जवळच्या विहिरीची पातळी ग्रामसेवकांना मोठ्यानं वाचायला सांगा. आणि नव्या खाणीचा किंवा रस्त्याचा ठराव समोर आला, तर गावातल्या भूमिहीन कुटुंबाचा त्यातला हिस्सा किती, हे त्या ठरावात लिहिल्याशिवाय हात वर करू नका.