नमुना त्यांचा, माप आपलं

नाशिक,
जानेवारी

प्रिय सखी,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. मॅडिसनचं मेंडोटा तळं गोठलंय आणि लोक खुशाल त्याच्यावरून चालत जातायत, हे वाचून इथे बसल्या जागी हुडहुडी भरली. आमच्याकडची थंडी म्हणजे पहाटेची. निफाडचा पारा रोज पेपरात येतो, द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटतात, आणि दुपार झाली की स्वेटर अंगावरून खुर्चीच्या पाठीवर जातो. बाजरीची भाकरी, लोणी, हरभऱ्याचे सोलाणे सगळं जोरात चालू आहे. आणि हो, सुया हातात आहेतच. थंडीत उन्हाला पाठ देऊन विणत बसण्यासारखं दुसरं सुख मला तरी ठाऊक नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. लेकीसाठी वेण्यांचा स्वेटर विणायचाय, नमुना मनात भरलाय, पण घरात असलेली लोकर वेगळी आहे, लेक उंच आहे, हात लांब आहेत आणि तिला गळा बंद नको आहे. ‘छापलेल्या नमुन्यात एवढं बदललं तर चालेल का?’ असं विचारलंस. अगं, बदलायलाच हवं! नमुना लिहिणाऱ्या बाईने तुझ्या लेकीला पाहिलेलं नाही. तिच्या हाताची ओढ निराळी, तिची लोकर निराळी, तिच्या गावची हवा निराळी. आपण शिंप्याकडे ब्लाऊज टाकतो तेव्हा माप देतो, गळा एक बोट खाली घ्या म्हणतो, बाही कोपरापर्यंत हवी म्हणतो, आणि त्यात शिंप्याचा अपमान झाला असं कोणाला वाटत नाही. विणकामालाही तोच न्याय लाव. तयार स्वेटर आता कुठेही मिळतो. आमच्याकडे थंडी सुरू झाली की तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात, तिथे हवा तो रंग मिळतो. तरीही आपण महिना-दोन महिने सुया चालवतो, ते एका माणसाच्या अंगाला बसेल असं काही करता यावं म्हणून. मग माप दुसऱ्याचं का ठेवायचं?

पण बदल अंदाजाने करू नकोस. आधी नमुन्याचा चौकोन विण. चांगला पंधरा सेंटिमीटरचा, तोही वेणीसकट, कारण वेणी टाके आत ओढून घेते आणि तेवढ्याच टाक्यांत कापड अरुंद होतं. एक चौकोन साधा, एक वेणीचा, असे दोन केलेस तर उत्तम. विणून झाला की धू, सपाट वाळव, आणि मगच मधल्या दहा सेंटिमीटरमधले टाके मोज. कडेचे टाके मोजू नकोस, ते नेहमी थोडे वेडेवाकडे असतात. धुण्याचा कंटाळा करू नकोस, कारण लोकर पाण्यात गेली की फुलते, सैलावते. स्वेटर आयुष्यभर धुतलेलाच घातला जाणार आहे, तर माप धुतलेल्या कापडाचंच हवं.

तू कळवलेले आकडे घेऊनच सांगते. नमुना म्हणतो दहा सेंटिमीटरमध्ये 20 टाके, अंगाचा घेर 200 टाके, म्हणजे छाती 100 सेंटिमीटर. तुझ्या हाताला 22 टाके येतायत. फरक दोनच टाक्यांचा, पण तेच 200 टाके घातलेस तर घेर येईल जेमतेम 91. नऊ सेंटिमीटर गेले! तो स्वेटर लेकीच्या डोक्यातून खाली उतरेल, पण हात वर करायला जमणार नाही.

यावर उपाय दोन. पहिला, जाड सुई घे आणि चौकोन पुन्हा करून बघ. 20 टाके आले आणि कापड घट्ट, छान वाटलं तर प्रश्न मिटला. कापड उजेडाला धरल्यावर जाळी दिसायला लागली तर ती सुई सोड. मग दुसरा उपाय, टाके वाढव. 22 च्या हिशेबाने 100 सेंटिमीटरला 220 टाके लागतात. वाढलेले वीस टाके वेण्यांमध्ये घुसवू नकोस. वेण्यांचा पट्टा आहे तसा ठेव. तो किंचित अरुंद होईल, त्याने काही बिघडत नाही. दहा टाके पुढ्यात आणि दहा पाठीत घाल, तेही दोन्ही काखांखाली पाच-पाच असे वाटून, साध्या विणीत. नजर वेण्यांवर जाते, बगलेकडे कोणी पाहत नाही.

सुयांच्या नंबराचं मात्र सांभाळ. आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, आणि अमेरिकेत आकडा वाढला की सुई जाड होते. आपली आठ नंबरची सुई 4 मिलिमीटरची, तुमच्याकडची आठ नंबरची 5 मिलिमीटरची. तुझ्या आईच्या डब्यातल्या सुया तू तिकडे घेऊन गेली आहेस, म्हणून आवर्जून लिहिते. नंबर विसर आणि वहीत मिलिमीटर लिही.

बाह्यांसाठी तुला तुझ्याच राज्यातल्या एका बाईंची ओळख करून देते. एलिझाबेथ झिमरमन. जन्म 1910 चा, इंग्लंडमधला. पुढे अमेरिकेत आल्या आणि विस्कॉन्सिनमध्येच राहिल्या. पिट्सविलला एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांचं घर होतं. 1999 मध्ये त्या गेल्या. एका मासिकाने त्यांचा गोल सुईवर विणलेला स्वेटर छापताना सूचना बदलून सपाट तुकड्यांच्या करून टाकल्या, तेव्हा बाईंनी 1958 पासून स्वतःचंच वार्तापत्र काढायला सुरुवात केली. 1971 साली त्यांचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक आलं. तुमच्या गावच्या वाचनालयात नक्की असेल, आजच जाऊन बघ.

मला त्यांची टक्क्यांची पद्धत फार आवडते. अंगाचा घेर म्हणजे शंभर टक्के धरायचा आणि बाकी सगळं त्यावरून काढायचं. मनगटाला साधारण वीस टक्के, दंडाला तेहतीस, गळ्याला चाळीस. तुझ्या 220 टाक्यांवर लावून बघ: मनगट 44, दंड 72, गळा 88. एवढ्यावर अख्खा स्वेटर डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि नमुन्याची चिठ्ठी हरवली तरी अडत नाही. हे आकडेही वेदवाक्य नव्हेत. कोणाचा दंड भरलेला असेल तर पस्तीस टक्के घे. पण सुरुवात कुठून करायची ते कळतं, आणि बदल करायला जे धैर्य लागतं ते तिथूनच येतं.

आता लांब हात. नमुन्यात बाही 46 सेंटिमीटर आहे, लेकीला 51 हवी. नुसती शेवटी पाच सेंटिमीटर वाढवलीस तर सगळी वाढ काखेजवळ साचेल आणि बाहीचा उतार बिघडेल. त्यापेक्षा वाढ सबंध बाहीभर पसर. 44 वरून 72 वर जायचं म्हणजे 28 टाके वाढवायचे, एका वेळी दोन, म्हणून चौदा वेळा. नमुन्यात दर आठव्या ओळीला वाढ आहे. तुझ्या हाताला दहा सेंटिमीटरमध्ये 28 ओळी येतात, तेव्हा पाच सेंटिमीटरच्या झाल्या चौदा. चौदा वाढी, चौदा जादा ओळी! म्हणजे आठवीऐवजी नवव्या ओळीला वाढव. गोल विणत असशील तर सरळ नववी. सपाट विणत असशील तर वाढ नेहमी सुलट बाजूने यावी म्हणून एकदा आठवी, एकदा दहावी, असं आलटून पालटून. असा हिशोब जुळला की मला केवढा आनंद होतो म्हणून सांगू!

गळ्याचं सोपं आहे. पुढचा गळा जिथे बंद करायला सांगितलाय त्याच्या पाच-सहा सेंटिमीटर आधीच मधले टाके बंद कर आणि दोन्ही बाजू वेगळ्या विण. एक मात्र आपल्या मनाने घाल: पाठीमागे मानेजवळ अर्ध्या ओळी. पाठीचे टाके अर्ध्यातून वळवून परत विणायचे, पुढचे तसेच सुईवर सोडून द्यायचे. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उंच झाली की पुढचा गळा घशाला लागत नाही आणि मान उघडी पडत नाही. वळण घेतो तिथे धागा टाक्याभोवती गुंडाळून घे, नाहीतर भोक पडतं.

आणि हवेचाही विचार कर. तुमच्याकडे बाहेर बर्फ, पण घरात हीटर. जाडजूड स्वेटर घरात घालवत नाही आणि बाहेर कोटाच्या बाहीत शिरत नाही. म्हणून मुंढा फार ढगळ करू नकोस. लोकरीत एक गुण आहे, ती आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषते तरी हाताला ओली लागत नाही, त्यामुळे बारीक लोकरही चांगली ऊब देते. इथे मी उलटंच करते: तिकडचा नमुना घेते, लोकर चार पदरी बारीक लावते, बाह्या गाळते, पुढून बटणं देते. सकाळी घालायचा, दुपारी काढायचा, तर डोक्यातून ओढून काढण्याचा खटाटोप कशाला?

माझं काय चाललंय ते आता ऐक. भाचीच्या मुलीची ही पहिली संक्रांत. बोरन्हाणाचं काळं झबलं तिची आजी शिवतेय, हलव्याचे दागिने आलेत, आणि माझ्याकडे आहे कुंची. बाजारातली टोपडी डोक्यावर बसतात, पण मान आणि पाठ उघडीच राहते. म्हणून एका परदेशी टोपड्याचा नमुना घेतला आणि गळ्याशी जिथे तो संपतो तिथून पुढे गेले. टोपडं पूर्ण झालं की खालच्या काठावरून टाके उचलायचे, पहिल्या ओळीत दर चौथ्या टाक्यानंतर एक वाढवायचा, आणि सरळ पाठीवरून खाली विणत कमरेपर्यंत यायचं. हनुवटीखाली लांब नाड्या नाहीत, बाळाच्या गळ्याभोवती नाडी नकोच. एक चपटं बटण आणि पट्टी दिलीय. वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण 46 सेंटिमीटर असतं, त्या मापाने थोडी मोठी केलीय, म्हणजे पुढच्या हिवाळ्यालाही येईल.

लोकर कुठली म्हणशील, तर माझ्या आईने बाबांसाठी विणलेल्या अंजिरी स्वेटरची. कोपरांना विरला होता, पाठ मात्र ठणठणीत. शिवणी उलगडल्या, वरच्या टोकापासून उसवत गेले आणि खुर्चीच्या पाठीला धागा गुंडाळत लडी केली. चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधली, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवली, चोळली अजिबात नाही. चोळलं आणि गरम पाणी लागलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून नमदा होतो. मग पीळ न देता पाणी दाबून काढलं आणि लडी सावलीत टांगली, खाली थोडं वजन लावून. धाग्याला पडलेल्या सगळ्या नागमोडी सरळ झाल्या. इतक्या वर्षांची धुलाई झालेली लोकर बाळाच्या अंगाला टोचत नाही, हा आणखी एक फायदा. नवं ॲक्रिलिक धुवायला सोपं, कबूल, पण त्याला इस्त्री लागली की कापड कायमचं लोळागोळा होतं, आणि ही ऊब त्यात नाही.

विणताना वाटत होतं, आईनेही हा स्वेटर कुठल्याशा नमुन्यावरूनच केला असणार, आणि बाबांचे लांब हात आठवून तिने कुठेतरी टाके वाढवले असणार. त्या वाढवलेल्या टाक्यांतच ती आहे. नमुना कोणालाही मिळतो; आपल्या माणसासाठी केलेला फरक तेवढा आपला असतो. म्हणून तुला सांगते, जे बदलशील ते वहीत लिहून ठेव. सुई किती मिलिमीटरची, टाके किती, वाढ कितव्या ओळीला, गळा किती खाली. पुढे लेक स्वतः विणायला बसली तर तिला छापील कागदापेक्षा ती वही जास्त उपयोगी पडेल.

लोकर घेताना एक गुंडा जादा घे, लांब बाह्यांना लागेल, आणि लॉट नंबर एकच आहे ना बघ. पुढच्या पत्रात लेकीची मापं पाठव: छाती, दंड, मनगट, आणि मानेच्या हाडापासून मनगटापर्यंतची लांबी हात किंचित वाकवून. आणि धुतलेल्या चौकोनाचे टाके पुन्हा मोजून कळव. 22 च आले तर वरचा हिशोब तसाच चालेल, नाहीतर मी नवा मांडून देते. तिळगूळ वेगळ्या पुडक्यात पाठवलाय.

घरी सर्वांना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझीच,
नाशिककर मैत्रीण