कोणी कोणास नेले?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात वेळापत्रकाची अशी काही अडचण झाली, की मराठी शिकवणाऱ्या आमच्यावर व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गाला 'नेतृत्व' हा घटक शिकवण्याची पाळी आली. उपनगरांतील महाविद्यालयांत असे प्रकार होतात आणि त्यांविषयी तक्रार करण्याचे आमचे वय उलटून गेले होते. आम्ही पुस्तके आणली, टिपणे काढली आणि भाषेच्या मास्तराला शोभेल अशी सुरुवात शब्दाच्या व्युत्पत्तीपासून केली. 'नी' म्हणजे नेणे. जो नेतो तो नेता. संस्कृत नाट्यविचारात नेता म्हणजे नायक. दहाव्या शतकातील धनंजयाने 'दशरूपका'त रूपकांचे भेद वस्तू, नेता आणि रस या तिहींवरून केले. नायकाच्या अंगी विनय, त्याग, दक्षता इत्यादी गुण असावेत असे सांगितले आणि त्याचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार प्रकार पाडले.

गंमत अशी, की पाश्चात्त्य नेतृत्वविचाराचा आरंभही अशाच गुणांच्या यादीपासून होतो. कार्लाईलने 1840 साली वीरपुरुषांवर व्याख्याने दिली, तेव्हा इतिहास म्हणजे थोरांची चरित्रे हा त्याचा सिद्धान्त होता. पुढे शंभर वर्षे अभ्यासक थोरांचे गुण मोजत राहिले. 1948 साली स्टॉगडिल याने तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि गुणांची यादी कोणास नेता करीत नाही, परिस्थितीही पाहावी लागते, असा निष्कर्ष काढला. 1967 साली फीडलरने ती परिस्थिती तीन गोष्टींत बसवली : नेत्याचे अनुयायांशी संबंध कसे आहेत, काम किती स्पष्ट आहे आणि नेत्याच्या पदाला अधिकार किती आहे.

हे सारे फळ्यावर मांडून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, मग दत्ता सामंत यशस्वी नेते की अयशस्वी?" तास संपत आला होता. आम्ही फीडलरच्या तीन रकान्यांकडे पाहिले आणि त्यांखाली लिहिले : 'अयशस्वी'. घंटा झाली. फळा पुसताना आम्हांस मामा आठवला.

मामा घाटकोपरला भटवाडीत राहत असे. गिरणीत साच्यावर होता. डॉक्टरांचा दवाखाना घाटकोपरलाच, पंतनगरात. तेथे खाणीतील दगडफोडे मजूर उपचारांसाठी येत. त्यांची दुखणी पाहता पाहता हा डॉक्टर त्यांच्या मजुरीविषयी बोलू लागला आणि पुढाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला. आणीबाणीत तो तुरुंगात होता. 1981 च्या अखेरीस बोनसच्या प्रश्नावरून गिरण्यांत असंतोष उसळला, तेव्हा कामगार लालबाग-परळहून घाटकोपरला त्याच्या दारी गेले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. तो विरत गेला. गिरण्या बंद पडत गेल्या आणि माणसे गावी गेली किंवा मिळेल त्या कामाला लागली. मामाने प्रथम भाजी विकली, मग एका इमारतीवर रखवाली केली.

मॅक्स वेबरच्या भाषेत पाहिले तर या संपात दोन सत्ता समोरासमोर होत्या. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मान्यताप्राप्त संघटना ठरवले होते. वाटाघाटीचा हक्क तिचा. ही कायद्याने दिलेली सत्ता. दुसरी सत्ता माणसांच्या विश्वासातून आलेली, जिला वेबर करिष्मा म्हणतो. कामगार एकीकडे होते आणि सही करण्याचा हक्क दुसरीकडे. कायद्याची ही गाठ सोडवणे ही संपाची एक प्रमुख मागणी होती, आणि तीच सरकारच्या घशाखाली उतरणारी नव्हती. फीडलरचा पहिला रकाना डॉक्टरांच्या बाजूने काठोकाठ भरलेला, तिसरा कोरा. मालकांपाशी विकायला साठा होता आणि भिवंडीचे माग चालू होते, हे कोणत्याच रकान्यात बसत नाही. तरीही आम्ही एका शब्दात निकाल दिला होता.

आमच्या घरात दुसराही नेता होता, म्हणजे नेत्री. आम्ही वाढलो गोरेगावात. मृणाल गोरे या तेथील. त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात उडी घेतली. 1958 साली पती केशव गोरे गेले. 1961 साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी इतकी आंदोलने केली, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. 1972 साली महागाईविरोधात मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांच्या पुढे अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत त्या होत्या. त्या बायकांत आमची आई होती. आई सातवी शिकलेली. मोर्च्यात घोषणा देण्याची तिला लाज वाटे, असे ती सांगे. पण लाटणे घरचेच असल्यामुळे हातात धरायला काही वाटले नाही.

अमेरिकेतील आयोवा येथे लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी 1939 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्ही वर्गात फार रंगवून सांगत असू. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट, फावल्या वेळातील हस्तव्यवसाय आणि प्रत्येक गटावर वेगळ्या वृत्तीचा प्रौढ : एक हुकूम देणारा, एक सर्वांना विचारून चालणारा, एक काहीच न करणारा. हुकूम देणारा खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचे काम मंदावे. विचारून चालणाऱ्याचा गट मात्र तो नसतानाही काम करीत राही. नेतृत्वाची कसोटी नेता खोलीबाहेर गेल्यावर लागते, हे तात्पर्य आम्हांस मनापासून पटलेले होते. मृणालताई 17 जुलै 2012 रोजी गेल्या. त्यानंतरही आई, ऐंशीच्या घरात असताना, गल्लीतील दिव्याबद्दल किंवा नळाबद्दल महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज देत असे आणि आम्हांस बजावी, "पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही रे." हे ती मोर्च्यांत शिकली. गोरेगावात आता मृणालताईंच्या नावाचा उड्डाणपूल आहे. आम्हांस त्यांचे खरे स्मारक पोच मागणाऱ्या त्या म्हातारीत दिसे.

म्हणजे आईची नेत्री लेविनच्या परीक्षेत उत्तीर्ण, आणि मामाचा नेता अनुत्तीर्ण. फळ्यावरील शब्दाला आणखी एक आधार मिळाला. पण मन मानेना, म्हणून एका रविवारी आम्ही घाटकोपरला गेलो.

मामा तेव्हा थकलेला होता, पण बोलणे ठणठणीत. इकडचे तिकडचे झाल्यावर आम्ही भीत भीत विचारले, "मामा, डॉक्टरांनी तुम्हांला कुठे नेऊन सोडलं, असं कधी वाटत नाही का?" तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अरे, डॉक्टरांनी आम्हाला कुठं नेलं? आम्हीच त्यांना नेलं. त्यांच्या दारात जाऊन आम्ही बसलो. ते म्हणत होते थांबा, विचार करा. आम्ही ऐकलं नाही. ते फक्त मागे फिरले नाहीत." आणि मग, आम्ही भाचे आहोत हे आठवून, हळू आवाजात, "तुझ्या मामीचं मंगळसूत्र गेलं त्यात. ते माझ्या डोक्यावर, डॉक्टरांच्या नाही."

आमच्या टिपणांत या वाक्याला जागा नव्हती. बर्न्सने 1978 च्या ग्रंथात देवाणघेवाणीचे नेतृत्व आणि माणसे बदलवणारे नेतृत्व असा भेद केला. दुसऱ्या प्रकारात नेता आणि अनुयायी एकमेकांना उंचावतात असे तो म्हणतो. ग्रीनलीफने 1970 साली 'सेवक-नेता' ही कल्पना मांडली, आणि ती त्याला हेर्मान हेसेच्या 'जर्नी टू द ईस्ट' या कादंबरीतून सुचली, हे साहित्याच्या मंडळींना विशेष वाटावे. त्यातील लिओ हा प्रवाशांचे सामान वाहणारा नोकर. तो नाहीसा होतो आणि सारा तांडा विस्कटतो. पुढे कळते, की तोच त्या संघाचा प्रमुख होता. आता पाहा : लिओ गेल्यावर तांडा मोडला म्हणून लिओ थोर, आणि लेविनच्या मुलांचा गट नेता गेल्यावरही टिकला म्हणून तो नेता थोर. दोन्ही आम्ही एकाच आठवड्यात शिकवले, आणि विसंगती आमच्या ध्यानात आली नव्हती. दोहोंकडे प्रश्न नेत्याविषयीच आहे. मामाने जे सांगितले ते अनुयायाविषयी होते : निवड त्याची, आणि म्हणून किंमतही त्याची. 'फसवले गेलो' असे म्हटले असते तर मंगळसूत्राचा भार हलका झाला असता. पण मग दारात जाऊन बसण्याचा निर्णयही त्याचा उरला नसता.

याचा अर्थ डॉक्टरांकडे हिशेब मागूच नये असा नाही. संप कधी थांबवावा, हे सांगण्याची जबाबदारी पुढे चालणाऱ्याची असते, असे आम्हांस आजही वाटते. पण त्या वेळी घरी परतताना आम्हांस एवढे कळले होते, की तो हिशेब मागण्याचा अधिकार मामाचा होता, आणि तो त्याने वापरला नव्हता. 1984 साली, देशभर काँग्रेसची लाट असताना, गिरणगावाने याच डॉक्टरांना लोकसभेवर पाठवले, ते संप हरल्यावर. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत त्यांचा खून झाला. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी लढा उभा राहिला, तेव्हा मामा आपली जुनी कागदपत्रे घेऊन अर्जाच्या रांगेत उभा होता. नेता खोलीबाहेर गेल्यावरही गट थांबला नव्हता. आम्हीच नीट पाहिले नव्हते.

पुढच्या तासाला आम्ही वर्गापुढे कबूल केले, की आम्ही उत्तर घाईने दिले. त्या मुलीने वही उघडून विचारले, "मग सर, परीक्षेत काय लिहायचं?" आम्ही म्हणालो, "परीक्षेत फीडलर लिही, गुण मिळतील." ती हसली नाही. तिचे आजोबा गिरणीत होते, हे तिने तास संपल्यावर सांगितले. त्यांना हा प्रश्न विचारावा असे तिला सांगण्याचे आमच्या ओठांवर आले होते. पण ते हयात आहेत की नाहीत, हे विचारण्याचा धीर झाला नाही.

मामा गेल्या वर्षी गेला. घर त्याला लागले नाही.