निवड कोणासाठी?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि धर्मग्रामाच्या कचेरीतील जुन्या संगणकाचे काय करावे, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. बाप्तिस्म्याचे दाखले त्याच्यावरच तयार होतात. विंडोज ११ च्या अटी त्याला पेलणाऱ्या नव्हत्या; यंत्र मात्र धडधाकट होते. ते भंगारात घालणे मनाला पटेना. म्हणून आम्ही विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्सकडे वळलो.

लिनक्स एक, पण त्याच्या वितरणांचा गोतावळा मोठा! डेबियन स्थैर्याला जपते, फेडोरा नावीन्याला. उबुंटू २००४ साली डेबियनमधून निघाले आणि मिंट उबुंटूवर उभे आहे. आमचा ओढा डेबियनकडे. सेमिनरीतली शिस्त सहजी सुटत नाही! पण त्या खुर्चीवर रोज बसतात त्या कचेरीतील बाई. एके संध्याकाळी आम्ही पेनड्राइव्हवरून एकेक वितरण चालवून त्यांना दाखविले. अशाने हार्डडिस्कवरील काही बदलत नाही. प्रिंटर चालतो का, मराठी टंकता येते का, हे त्यांनीच तपासले. मिंटचा मेनू खाली डावीकडे, सवयीच्या जागी सापडताच त्या म्हणाल्या, "फादर, हे आपलंच वाटतं."

जुन्या फाँटमधील पत्रे युनिकोडमध्ये आणण्याचे काम अजून उरले आहे. मूळ प्रती आम्ही वेगळ्या जपून ठेवल्या आहेत. उत्तम कोणते, एवढेच आम्ही इतके दिवस विचारीत होतो. कोणासाठी उत्तम, असे विचारल्यावर निवड सोपी झाली आणि आमचा हट्टही आमच्या ध्यानी आला.