शेजाऱ्याची गोळी

कोयनानगर

चि. बाळास,


शेजारच्या नानांची चिठ्ठी दाखवून तू त्यांचीच रक्त पातळ करणारी गोळी आणलीस आणि आपली सोडलीस, हे मला आठ दिवसांनी सांगतोस? “त्यांना रक्त तपासावं लागत नाही आक्का, मग मीच का दर महिन्याला सुई टोचून घेऊ?” असं सहज विचारलंस. फोन ठेवला आणि रात्रभर डोळा लागला नाही माझा.

नानांचं आणि तुझं दुखणं वरून सारखं दिसतं. दोघांच्याही हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, नाडी वेडीवाकडी चालते. कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. पण नानांना हे वयानं आणि ब्लडप्रेशरनं आलं. तुझी झडप लहानपणीच आखडलेली. फुग्यानं ती उघडली तेव्हा डॉक्टरांनी आपल्या दोघांना बसवून काय सांगितलं होतं, विसरलास?

तुझ्यासारख्या संधिवाती झडपेच्या साडेचार हजार रुग्णांवर 24 देशांत अभ्यास झाला. दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन त्यात पुढे होते. 2022 साली निकाल आला. नानांसारख्या नव्या गोळीवाल्यांपेक्षा तुझ्यासारख्या जुन्या गोळीवाल्यांत मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्रावही जास्त नव्हता. तुझ्यासाठी जुनीच गोळी चांगली, ती यासाठी. रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, म्हणजे आयएनआर, दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा, म्हणून ती सुई. पालक-कोथिंबीर बंद करू नकोस, रोज साधारण तेवढीच खा. हिरड्यांतून रक्त आलं तर गोळी मनानं सोडायची नसते, रक्त तपासून डॉक्टरांना दाखवायचं असतं. आणि गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या आणतोस ना? रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कितीदा सांगू?

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. हे सगळं तुझ्या घशातून सुरू झालं. 67 च्या 11 डिसेंबरला पहाटे जमीन हलली, नंतर ती पत्र्याची शेड, एका गोधडीत आपण चौघं, वरून कोयनेची थंडी. तुझा घसा सुजला, ताप आला, आईनं हळद-मीठ दिलं. उतरला. पंधरा-वीस दिवसांनी गुडघे टम्म फुगले, मग घोटे, मग मनगटं. भूकंपात पळताना लागलं असेल, असं सगळे म्हणाले. तो संधिवाती ताप होता, आणि घसा सुजला तेव्हाच पेनिसिलिन मिळालं असतं तर तुझी झडप आज धड असती, हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं. दर एकवीस दिवसांनी घ्यायचं इंजेक्शन लावून दिलं, तर तू गोणी उचलायला मुंबईला गेलास आणि ते सोडलंस. आता परत तेच!

लोक म्हणतात हृदयरोग हा बैठ्या कामाच्या, तुपातल्या माणसांचा. साफ खोटं. आपल्या देशातल्या 24 रुग्णालयांनी या अनियमित नाडीच्या दीड हजार रुग्णांची नोंद केली. सरासरी वय पंचावन्नच्या आसपास, आणि जवळजवळ निम्म्यांच्या झडपा संधिवाती तापानं बिघडलेल्या. पाश्चात्त्य देशांत हे सत्तरीच्या आसपासचं दुखणं. आपल्याकडे दाटीवाटीच्या खोल्यांत वाढलेल्या, अंगमेहनतीनं घर चालवणाऱ्या माणसाला ते भर उमेदीत गाठतं. आता वर ब्लडप्रेशर, साखर, दारू यांची भर. म्हणजे जुना रोग गेला नाही आणि नवा येऊन बसला.

म्हणून मी अजून वाड्यावस्त्यांवर शाळांत जाते आणि पोरांचे घसे बघते. “आक्का, रिटायर झालात ना?” असं विचारतात. झाले. पण पाच ते पंधरा वर्षांच्या पोराचा घसा तापासह दुखला तर त्याला डॉक्टरला दाखवा, एवढं सांगायला नोकरी कशाला लागते? इथल्या तुझ्यासारख्या रुग्णांना पावसाळ्यात कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वस्तीतून लाँचनं यायचं, मग एसटीनं पाटण नाहीतर कराड. एका रक्ततपासणीत दिवस जातो आणि दिवसाची मजुरी बुडते. तरी ती माणसं येतात. आणि तुला कोपरखैरण्यात लॅब चार पावलांवर असून कंटाळा येतो!

रोज सकाळी उठल्यावर अंगठ्याखाली तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिट नाडी मोज, वहीत लिही. घरच्यांना सांगून ठेव: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर किती वाजले ते बघायचं, 108 लावायचा, ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं. “झोपला तर बरं वाटेल” म्हणून वाट बघायची नाही. आपल्या बाबांच्या झटक्याच्या वेळी सकाळपर्यंत वाट बघितली, ते तू विसरला नसशील.

नानांची गोळी घेतोयस तोवर जुनीही मनानं चालू करू नकोस, दोन्ही एकत्र झाल्या तर जिवावर बेतेल. पत्र मिळेल त्याच दिवशी दोन्ही पाकिटं आणि जुने रिपोर्ट घेऊन तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. ते सांगतील तशी गोळी बदल, आणि आयएनआरचा आकडा मला फोनवर कळव.

तुझी,
आक्का