गुडघा बरा वाटतो, तेव्हा

आमच्या धाकट्या लेकीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले. ती कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळते. चढाईवरून मागे फिरताना पाय मॅटवर रोवलेला राहिला आणि अंग वळले. कुणाचा धक्काही नव्हता. आतून 'टक्' असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये कळले की आतल्या बाजूचे एमसीएल अर्धवट फाटले आहे आणि मधले एसीएल पूर्ण तुटले आहे.

हाडाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्या म्हणजे लिगामेंट. डॉक्टर म्हणाले, एमसीएल पट्टा आणि व्यायामाने भरून येईल, एसीएलसाठी मात्र ऑपरेशन करावे. नानींनी विचारले, "एकाच गुडघ्यातल्या दोन दोऱ्या, मग एक जुळते आणि दुसरी का नाही?"

प्रश्न रास्त होता. एमसीएल गुडघ्याच्या कडेला असते आणि त्याला रक्त चांगले मिळते. फाटल्या जागी रक्त साकळते आणि त्याच्या आधाराने नवे तंतू तयार होतात. एसीएल सांध्याच्या आत असते. तिथल्या वंगणासारख्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे तुटलेली टोके सहसा नीट जुळत नाहीत. म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा घेऊन नवे लिगामेंट बसवतात. प्रत्येकालाच ऑपरेशन लागते असे नाही. उड्या-वळणांचे खेळ न खेळणाऱ्या अनेकांचे नुसत्या व्यायामानेही भागते.

आमची खरी परीक्षा ऑपरेशननंतर सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात सूज उतरली, चाल सरळ झाली. खुर्चीवर नमाज पढणारी लेक हळूहळू जमिनीवर बसण्याचा सराव करू लागली. घरात आनंद झाला. तेव्हा फिजिओथेरपीच्या मॅडमनी समजावले की बसवलेल्या कंडऱ्यातल्या जुन्या पेशी आधी मरतात, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी शिरतात. या बदलात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तो सर्वांत कमजोर असतो. म्हणजे बाहेरून गुडघा बरा दिसतो, नेमके तेव्हाच आतून त्याला सांभाळायचे असते.

आता पुढच्या महिन्यात जिल्हा संघाची निवड आहे. पाहुणे म्हणतात, "पोर तर छान चालते, पाठवा की!" लेकही दोन रात्री रडली. पण नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले आहे. शिवाय नुसते महिने मोजून चालत नाही. एका पायावर उडी मारून पाहतात आणि दुखावलेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के व्हावी लागते. तिची अजून तेवढी झालेली नाही. म्हणून या वर्षीची निवड सोडायची, असे आम्ही तिच्यासोबत बसून ठरवले. सकाळ-संध्याकाळ तिचा व्यायाम चालू आहे आणि शेजारी बसून मोजायला नानी असतात.

आपल्या घरात कुणाचा गुडघा वळून आवाज आला आणि काही तासांत सुजला, तर तेल लावून चोळू नका. बर्फाने शेका, पायावर भार देऊ नका आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कोणते लिगामेंट दुखावले आणि किती, हे त्यांना जरूर विचारा. पुढचे सगळे त्यावरच ठरते.