जेवणानंतरची साखर : आकड्याशेजारी वेळ लिहा



चौथीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारते. "एका मुलाला १८ गुण मिळाले. तो हुशार की कच्चा?" निम्मी मुलं हुशार म्हणतात, निम्मी कच्चा. मग मागून कोणीतरी विचारतं, "बाई, कितीपैकी?" तेव्हा मला फार बरं वाटतं. पण असाच एक प्रश्न मी माझ्या वडिलांना विचारायला विसरले. ती चूक आम्हाला फार महागात पडली असती, म्हणून आज लिहिते आहे.

आप्पांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन्ही वेळच्या जेवणाआधी गोळी असते. गेल्या दिवाळीच्या आधी भावाने त्यांना घरी शुगर तपासायचं मशीन आणून दिलं. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "अगं, दोनशे चौदा आली! आता काय खरं नाही."

जेवणानंतर साखर १४० च्या आत हवी, एवढं मी कुठेतरी वाचलेलं होतं. मी लगेच बाईंच्या आवाजात सांगितलं, "आप्पा, आज रात्री भाकरी बंद. नुसतं ताक प्या." त्यांनी ऐकलं. मुलगी शिकलेली आहे ना! भाकरी सोडली, पण गोळी मात्र न चुकता घेतली.

रात्री अकराला आईचा फोन आला. आप्पा घामाने भिजले होते, हात थरथरत होते, बोलणं तुटक. मशीनवर ५८. आईने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. ते शुद्धीवर होते, गिळता येत होतं म्हणून हे जमलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, थेट दवाखाना गाठायचा असतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा ७९ आली. मग आईने दूध-भाकरी खाऊ घातली. मी इकडे फोन कानाला लावून नुसती बसून होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी गावी पोचले आणि आप्पांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी २१४ चा आकडा सांगितला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "जेवून किती वेळ झाला होता?"

आम्ही सगळे गप्प. आई आठवून म्हणाली, "ताटावरून उठले नि थोड्या वेळात टोचलं की. पाऊण तास झाला असेल."

तेव्हा मला माझी चौथीची मुलं आठवली. "कितीपैकी?" तसंच "किती वेळाने?"

डॉक्टरांनी जे समजावलं ते सोप्या शब्दांत सांगते. भाकरी, भात, पोळी यांतल्या पिष्टाचं पोटात ग्लुकोज होतं आणि ते रक्तात येतं. ज्वारीची भाकरी खाल्ली की साखर वाढतच नाही, हा गैरसमज आहे. रक्तातली साखर वाढू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि ती साखर पेशींमध्ये जाते. म्हणजे जेवल्यावर साखर चढणार आणि मग उतरणार, हे प्रत्येकाचंच होतं. निरोगी माणसात चढ कमी असतो आणि उतारही लवकर येतो. मधुमेहात चढ मोठा आणि उतार लांबतो.

म्हणून वेळ ठरलेली आहे. मधुमेह नसलेल्या माणसाची उपाशीपोटी साखर ७० ते ९९ आणि जेवणानंतर दोन तासांनी १४० च्या खाली असते (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). हे दोन तास जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून मोजायचे. मधुमेह असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशन जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या खाली असं लक्ष्य सांगते. वय, औषधं, इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलतात. मी मात्र निरोगी माणसाचा आकडा आप्पांना लावला होता, तोही चुकीच्या वेळेला.

आणि ५८ कशी झाली? आप्पांच्या गोळीमुळे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. पोटात अन्न असो वा नसो, गोळी आपलं काम करणारच. सत्तरच्या खाली साखर जाणं हा तातडीचा धोका असतो. जेवण तोडायचं की गोळी बदलायची, हे डॉक्टरांनाच विचारायला हवं होतं.

घरी आल्यावरही आप्पा मशीनला हात लावेनात. मग मी त्यांच्यासमोर स्वतःचं बोट टोचलं. उपाशीपोटी ९१, जेवणानंतर तासाभराने १३८, दोन तासांनी ११२. आप्पा म्हणाले, "म्हणजे तुझीपण चढते होय?" म्हटलं, "चढते की आप्पा, सगळ्यांचीच चढते." त्यानंतर त्यांनी स्वतःहून मशीन मागितलं.

आता एक शंभरपानी वही केली आहे. त्यात पाच रकाने : तारीख, पहिल्या घासाची वेळ, काय खाल्लं, तपासणीची वेळ, आकडा. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, कारण बोटाला फळाचा रस लागला असेल तर आकडा खोटा वाढतो. एका आकड्यावर घाबरायचं नाही, आठवडाभराची वही डॉक्टरांना दाखवायची. त्यांनी गोळी थोडी बदलली आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. परवा आप्पांनी फोनवर वाचून दाखवलं, "साडेबाराला जेवायला बसलो, अडीचला तपासली, एकशे अडुसष्ट."

मी काही विचारायच्या आत त्यांनी वेळ सांगितली होती. तुमच्या घरी कोणी शुगर तपासत असेल, तर आकडा ऐकल्यावर आधी वेळ विचारा. माझ्यासारखी घाई करू नका.